शिक्षा संपली, पण यादीतल्या नावाचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षा भोगून घरी परतलेल्या माणसाला मत देता येते का, असा प्रश्न मी गेल्या वर्षभरात तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या अनेक जाणत्या माणसांना विचारला. त्यांत निवृत्त मुख्याध्यापक होते, विकास सोसायटीचे सचिव होते, एक-दोन माजी सरपंचही होते. बहुतेकांनी क्षणभरही न थांबता "नाही येत" असे सांगितले आणि जे थोडे थांबले त्यांनी "पाच-सहा वर्षांनी येत असेल" अशी पुस्ती जोडली. ही सगळी मंडळी गावच्या राजकारणात मुरलेली आहेत. कोणत्या वस्तीवर किती मते आहेत, हे त्यांना तोंडपाठ असते. तरीही कायद्यातली इतकी साधी बाब त्यांना उलटी ठाऊक आहे. या उलट्या समजुतीचा भुर्दंड ज्यांना बसतो ते लोक वृत्तपत्राला पत्र लिहिणाऱ्यांपैकी नसतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला आणि अनिवास, मनोविकलता, गुन्हा किंवा भ्रष्ट वा बेकायदेशीर आचरण या कारणांवरून कायद्याने तो नाकारता येईल, एवढी मुभा ठेवली. 'गुन्हा' हा शब्द घटनेतच आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु संसदेने त्या मुभेचा उपयोग फार हात राखून केला आहे. मतदार यादीत नाव घालण्यास कोण अपात्र, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १६ मध्ये सांगितले आहे: जो भारताचा नागरिक नाही, ज्याला सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवले आहे आणि जो निवडणुकीतील भ्रष्ट आचरणामुळे किंवा निवडणुकीशी संबंधित गुन्ह्यामुळे मतदानास अपात्र ठरला आहे. चोरी, मारामारी, फसवणूक, अगदी खूनसुद्धा त्यात नाही. १९५१ च्या अधिनियमातील कलम ६२(५) एवढेच म्हणते की जो तुरुंगात बंदिस्त आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत आहे, त्याने मतदान करायचे नाही. ही मनाई भिंतीआड असेपर्यंतची आहे. माणूस दारातून बाहेर पडला की ती संपते आणि त्यासाठी कोणाची परवानगी, दंडाची पावती किंवा वर्तणुकीचा दाखला लागत नाही.

सुटकेनंतरही मत नाकारले जाते असा अपवाद आहे तो निवडणुकीच्याच गुन्ह्यांचा. मतदाराला लाच देणे, त्याच्यावर गैरवाजवी दडपण आणणे, तोतया मतदान करणे अशा काही गुन्ह्यांत शिक्षा झाली, तर त्या दिवसापासून सहा वर्षे मतदानाचा हक्क जातो. मतदानाच्या आदल्या रात्री आमच्याकडे जे चालते ते पाहता या कलमाखाली किती जणांचे मत गेले असावे, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या गावापुरता करावा.

मग "पाच-सहा वर्षांनी" ही समजूत आली कुठून? माझ्या मते उभे राहणे आणि मत देणे या दोन वेगळ्या गोष्टींची लोकांनी गल्लत केली आहे. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षेच्या दिवसापासून, आणि सुटल्यावर पुढे आणखी सहा वर्षे, विधानसभा किंवा लोकसभा लढवता येत नाही. ग्रामपंचायत कायद्यातही काही शिक्षांनंतर सुटकेपासून पाच वर्षे सदस्य होता येत नाही. अर्जांच्या छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत यावरून हमरीतुमरी होते, त्याची चर्चा पारावर रंगते आणि "त्याला शिक्षा झालीय, त्याचा अर्ज उडाला" हे वाक्य दोन-चार तोंडांतून फिरून "त्याला मतच नाही" असे होऊन बसते.

इथवर सारा दोष अज्ञानाचा आहे आणि अज्ञान कोणाच्याही वाट्याला येते. पुढचा दोष मात्र माझा आहे. शाळेत शिक्षक असताना मी काही वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बोलीभाषेत बीएलओ, म्हणून काम केले. एका वर्षी घरोघर पडताळणी करत असताना एका वस्तीवर एक म्हातारी भेटली. तिचा मुलगा बांधाच्या भांडणातून झालेल्या मारामारीत शिक्षा होऊन तुरुंगात गेला होता. यादीतले नाव मी वाचले तशी ती म्हणाली, "पोरगं आत हाय गुरुजी, त्याचं नाव कशाला ठिवताय?" मला तिचे म्हणणे योग्यच वाटले. मी त्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारला आणि पुढच्या घराकडे वळलो. पुढच्या यादीत ते नाव नव्हते. आपण चूक केली आहे, असे मला तेव्हा किंचितही वाटले नाही आणि माझ्या वरच्या कोणी विचारलेही नाही.

तो मुलगा शिक्षा पुरी करून कधीच गावी आला होता. सोसायटीचा सभासद झाला होता, ऊस कारखान्याला घालत होता, लग्न होऊन त्याला मूलही झाले होते. ७ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा मी निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती आणि मत देऊन शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. त्याने आईला मोटारसायकलवरून आणले, तिला हाताला धरून फाटकापर्यंत सोडले आणि स्वतः समोरच्या लिंबाखाली जाऊन थांबला. "तू नाही का जात?" असे मी विचारले. तो सहज, कसलीही कटुता न ठेवता म्हणाला, "आमचं मत सरकारजमा झालंय की, गुरुजी." त्याला हे कोणी सांगितले, असे विचारल्यावर त्याने नाव कोणाचेच घेतले नाही. यादीत नाव नव्हते, त्यावरून त्याने स्वतःच तसे ताडले होते. ते नाव कोणी काढले, हे त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

घरी येऊन मी कायदा काढून वाचला, जो मी बीएलओ असताना वाचायला हवा होता. तो वाचताना कळले की तुरुंगात गेलेल्या माणसाचे नाव यादीतून काढण्याचे मुळातच कारण नाही. माणूस काही काळ घरापासून दूर गेला, एवढ्यावरून त्याचे सर्वसाधारण निवासस्थान सुटत नाही, असे १९५० चा अधिनियम सांगतो. त्याच अधिनियमात असेही आहे की केवळ तुरुंगात ठेवले आहे म्हणून माणूस तुरुंगाच्या जागेचा रहिवासी ठरत नाही. मग तो रहिवासी कुठला? ज्या घरातून त्याला नेले, त्या घरचा. रहिवास सुटला म्हणून नाव काढायचे झाले, तर आधी त्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. तशी नोटीस घरी धाडली तर तिचा उपयोग काय होणार, हे सांगायला नको. घरात एक म्हातारी, तिला वाचता येत नाही, आणि ज्याच्या नावाची नोटीस तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या मध्यवर्ती कारागृहात.

याहून महत्त्वाची तरतूद २०१३ सालची आहे आणि तिचा इतिहास मनोरंजक म्हणावा असा आहे. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याला कोठडीत असल्यामुळे मत देता येत नाही, तो मतदार राहत नाही आणि म्हणून त्याला निवडणूकही लढवता येणार नाही. हा निकाल लागताच सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांत खळबळ उडाली आणि संसदेने त्याच वर्षी कलम ६२(५) ला एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली पुस्ती, जोडले: या कलमामुळे मत देता येत नसले, तरी ज्याचे नाव यादीत आहे तो मतदार असण्याचे थांबत नाही. हे परंतुक तुरुंगातून निवडणूक लढवू इच्छिणाऱ्यांसाठी आणले गेले, यात शंका नाही आणि त्या हेतूवर टीकाही झाली. पण कायद्याचे शब्द ज्याच्यासाठी लिहिले त्याच्यापुरते राहत नसतात. पुढाऱ्याचे नाव तुरुंगात असताना यादीत टिकत असेल, तर माझ्या गावच्या त्या शेतकऱ्याचेही नाव टिकलेच पाहिजे होते. माझ्या 'स्थलांतरित' या शेऱ्याला कायद्याचा कसलाच आधार नव्हता.

या परंतुकाने जी विचित्र परिस्थिती उभी राहिली आहे, तिचाही उल्लेख करतो. आज तुरुंगातला माणूस उमेदवार होऊ शकतो, निवडून येऊ शकतो, मात्र स्वतःला मत देऊ शकत नाही. शिक्षा ठोठावली गेलेला पण अपिलात जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो. आणि ज्याच्यावर अद्याप काहीच सिद्ध झालेले नाही, पण ज्याला जामीन राहणारा मिळाला नाही, असा कच्चा कैदी मत देऊ शकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले शहात्तर, कच्चे कैदी होते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्याला मात्र कायदा टपालाने मत देऊ देतो. म्हणजे ज्याच्यापासून सार्वजनिक शांततेला धोका आहे असे सरकार लेखी म्हणते त्याची मतपत्रिका भिंतीतून आत-बाहेर जाऊ शकते, आणि मोटार चोरल्याचा नुसता संशय असलेल्या पोराची जाऊ शकत नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ६२(५) वैध ठरवताना पोलीस बळाची आणि साधनांची कमतरता हे एक कारण दिले होते. आता पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांच्या घरी मतदान पथक जाते, मतपत्रिका पाकिटात घालून घेऊन येते, त्याचे चित्रीकरणही करते. एका आवारात, एका कुलपाआड असलेल्या शे-दोनशे मतदारांपर्यंत पोहोचणे त्याहून अवघड नसावे. पक्क्या कैद्याला शिक्षा चालू असताना मत असावे की नसावे, याविषयी माझे मत आजही पुरते ठरलेले नाही. दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा यांच्या सर्वोच्च न्यायपीठांनी ते असावे असे म्हटले आहे आणि त्यांचा युक्तिवाद सहज खोडून काढता येणारा नाही. कच्च्या कैद्याच्या बाबतीत मात्र मला संदेह वाटत नाही. पण तो प्रश्न संसदेचा आहे. सुटलेल्या माणसाचा प्रश्न तहसील कचेरीचा आहे, म्हणून मी पुन्हा तिकडे वळतो.

अमेरिकेत हाच प्रश्न फार वेगळ्या रूपात उभा आहे, कारण तिथे अनेक राज्यांत शिक्षा संपल्यानंतरही मत परत मिळत नसे किंवा मिळवण्यासाठी राज्यपालाच्या दारी जावे लागे. मेन आणि व्हर्मोंट ही राज्ये तुरुंगातूनही मत देऊ देतात. दुसऱ्या टोकाला फ्लोरिडा होते. तिथे नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनीच चौसष्ट टक्क्यांहून अधिक मतांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि खून व लैंगिक गुन्हे वगळता शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने 'शिक्षा पूर्ण' याचा अर्थ दंड आणि कोर्टाचा खर्चही फेडलेला, असा लावला. कोणाकडे किती बाकी आहे, याची एकत्र नोंद सरकारकडेच नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये २० जणांना अपात्र असताना मतदान केल्याबद्दल अटक झाली. आपल्याला मत आहे, असा त्यांच्यातल्या अनेकांचा प्रामाणिक समज होता आणि सरकारी कचेरीने त्यांना नोंदणीचे कार्डही दिलेले होते.

आपल्याकडे कायदा त्याहून कितीतरी उदार आहे. तरीही भीती मात्र तीच आहे. यादीत नाव घालण्याचा जो अर्ज असतो त्या नमुना ६ च्या शेवटी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, असा इशारा छापलेला असतो. तुम्ही-आम्ही तो न वाचता सही करतो. जो एकदा आत जाऊन आला आहे, त्याची नजर नेमकी त्याच ओळीवर जाते. लिंबाखाली थांबलेल्या त्या शेतकऱ्याचा अर्ज मी भरायला घेतला, तेव्हा तो माझ्या समोर बसून दहा मिनिटे सही करायला तयार नव्हता. शेवटी मी त्याला तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला आणि 'तुम्हाला पूर्वी शिक्षा झाली आहे काय' असा रकानाच त्यात नाही, हे बोट ठेवून दाखवले, तेव्हा कुठे त्याने पेन उचलले.

ज्यांच्या बाबतीत हे बोट ठेवून दाखवणारे कोणी नसते, त्यांत आमच्या सांगली-सातारा भागातल्या पारधी वस्त्यांचा विचार आधी करावा लागेल. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली देशभरातून रद्द झाला, पण परिसरात चोरी झाली की पहिली गाडी अजून त्यांच्याच पालाकडे वळते, हे आपण सारे जाणतो. पुरुष महिनोन् महिने कच्च्या कैदेत, बायका-मुले पाल हलवून दुसरीकडे, पडताळणीच्या वेळी दाराला कुलूपसुद्धा नाही कारण दारच नाही. निर्दोष सुटून येणाऱ्या माणसाला पुढे यादीत आपले नाव सापडत नाही. रस्त्याकडेला झोपणाऱ्या बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसला, तर बीएलओने रात्री जाऊन तो तिथेच झोपतो का, हे पाहावे आणि नाव नोंदवावे, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. उत्तम सूचना आहे. माझ्या कारकिर्दीत कोणी बीएलओ रात्री असा बाहेर पडल्याचे मी ऐकले नाही. मीही पडलो नाही.

या जिल्ह्यांत राहून हे सारे इतके परके वाटावे, याचे मला नवल वाटते. तुरुंगाविषयी आणि तुरुंगातून परतलेल्यांविषयी वेगळा विचार करण्याची आमची परंपरा जुनी आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली खुली वसाहत उभारली, जिथे शिक्षा झालेली माणसे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. त्याच वर्षी त्याच राजाने आपल्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली होती; प्रजेवर आणि बंदिवानावर एकाच सुमारास विश्वास टाकणारा राजा आपल्या भागात होऊन गेला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आपल्या सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि पुढे याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. देशासाठी तुरुंगात गेलेल्यांची आणि बांधासाठी डोके फोडणाऱ्यांची बरोबरी होत नाही, असा आक्षेप कोणी घेईल तर तो मला मान्य आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की 'आत जाऊन आलेला' या तीन शब्दांवर माणसाचा हिशेब मिटवण्याची घाई निदान या मातीत होऊ नये.

काही वाचक म्हणतील की ज्याने कायदा मोडला, त्याला कायदे करणारे निवडण्याचा अधिकार कशाला. हा आक्षेप तुरुंगात असलेल्याविषयी असेल तर त्यावर वाद होऊ शकतो. सुटलेल्या माणसाविषयी असेल तर वादाला जागा नाही, कारण न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत मताधिकार काढून घेणे हा भाग कधीच नव्हता. न्यायाधीशाने जी शिक्षा दिली नाही, ती माझ्यासारख्या एका मास्तराने लाल पेनाने दिली. दुसरा आक्षेप असा येतो की अशा माणसांची मते गठ्ठ्याने विकली जातील. मते कोण विकतो आणि कोण विकत घेतो, हे पाहायला तुरुंगापर्यंत जायची गरज नाही.

यावर करता येण्यासारखे फार थोडे आहे आणि ते सर्व आजच्या कायद्यात बसते. तुरुंगातून सुटताना माणसाला त्याच्या जमा वस्तू आणि सुटकेचा दाखला मिळतो. त्याच टेबलावर त्याच्यापुढे नमुना ६ ठेवावा आणि नाव अजून यादीत असल्यास तसे त्याला सांगावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि स्वयंसेवक कारागृहात जातातच. एका कागदाची त्यात भर पडेल. एखाद्या मतदाराचे नाव तो तुरुंगात असल्यामुळे घरी सापडत नाही असे बीएलओला कळले, तर ते नाव तसेच ठेवावे, आणि काढण्याचा प्रस्ताव आलाच तर नोटीस कारागृह अधीक्षकांमार्फत त्या माणसाच्या हाती द्यावी. बीएलओंच्या प्रशिक्षणात यंत्रावर आणि मोबाइलवरच्या अॅपवर तासन् तास जातात. त्यात 'तुरुंगात गेला म्हणजे स्थलांतरित नव्हे' हे एक वाक्य कोणी फळ्यावर लिहिले असते, तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. नावनोंदणीसाठी आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे ज्या दिवशी वयाची अठरा वर्षे पुरी असावी लागतात त्या तारखा, आहेत, आणि ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, त्यामुळे तिथे एकदा नाव लागले की बाकीचे आपोआप होते.

या आशयाचे एक निवेदन मी संबंधित कार्यालयात दिले आहे. ते आवक-बारनिशीत नोंदले गेले आणि पुढे त्याचे काय झाले, हे विचारायला गेल्यावर "हा विषय आमच्याकडे येत नाही, कारागृहाकडे येतो" असे उत्तर मिळाले. कारागृहाकडे विचारणा केली, तेव्हा "तो निवडणूक शाखेचा विषय आहे" असे कळले. दोन्ही ठिकाणी माणसे सौजन्याने बोलली, एवढे नमूद करतो.

त्या शेतकऱ्याचे नाव २०२४ च्या पावसाळ्यातल्या पुनरीक्षणात यादीत परत आले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी त्याने मत दिले. यादीत त्याच्या वडिलांचे नाव मात्र चुकीचे छापले गेले आहे. त्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. तो आम्ही गेल्या आठवड्यात भरला आणि या वेळी त्याने सही करायला वेळ लावला नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
तासगाव, जि. सांगली